मेस्त्रींचा कान

लालबाग-परळकडच्या गॅरेजात एक तरी मेस्त्री असे असतातच. गॅरेज म्हणजे तरी काय, चाळीच्या भिंतीला ताडपत्री, पाने-पक्कडीची पेटी आणि एक स्टूल. त्या स्टुलावर मेस्त्री. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की हे डोळे मिटतात. गिऱ्हाईक उतरायच्या आत निदान तयार: "तिसरा प्लग मारत नाहीये. बंद करा, बंद करा, ऐकवत नाही."

मेस्त्री घडले ते प्रीमियर पद्मिनीवर. कुर्ल्यात बनलेली, 1089 सीसीची, मुंबईची काळी-पिवळी. तिच्यात सगळं हाताला लागायचं. पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून टायमिंग पुढे-मागे करायचं, कार्बोरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकायचा. फुंकताना पेट्रोल जिभेला लागतंच, आणि रॉकेलची भेसळ आपण चवीवरून सांगतो, असा मेस्त्रींचा दावा आहे. पडताळून बघायला अजून कोणी पुढे आलेलं नाही.

हिंदमाताला पाणी तुंबलं की मेस्त्रींची दिवाळी. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की गाड्या रांगेने बंद पडायच्या. हे लेंगा गुडघ्यावर घेऊन जायचे, टोपी काढायचे, खांद्यावरच्या फडक्याने आतून पुसायचे, बोनेट आपटून म्हणायचे, "मार सेल्फ." डॉक्टरांना कोणी एवढे हात जोडले नसतील.

2000 च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. मेस्त्रींचं म्हणणं, "इंजेक्शन आजाऱ्याला देतात. धडधाकट गाडीला कशाला?"

त्यांना ते कळत नाही, असा गिऱ्हाइकांचा समज आहे. उलट अगदी नीट कळतं, आणि दुखणं तेच आहे. इंजिन किती तापलंय हे मेस्त्री तळहात लावून सांगायचे. आता ते काम पाण्याच्या वाटेवरचा सेन्सर करतो. सायलेन्सरच्या मागे उकिडवं बसून 'पेट्रोल जास्त जातंय' असं हुंगून सांगायचे. त्या कामावर आता ऑक्सिजन सेन्सर बसलाय. चढावर इंजिन टकटकलं की मेस्त्री टायमिंग मागे घ्यायचे. नॉक सेन्सर तेवढीच टकटक ऐकतो आणि कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा टाकतो. पिस्टन कुठवर आलाय ते क्रँकचा सेन्सर कळवतो, आत येणारी हवा मोजली जाते, आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरतं. वजनाने एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, हे सूत्र धरून. मिनिटाला 3000 फेरे असले तर चार सिलिंडरला सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात, आणि प्रत्येकीची वेळ वेगळी ठरवता येते. मेस्त्रींची बिडी एका काडीत पेटत नाही.

"कान माझा, नाक माझं, हात माझा," मेस्त्री म्हणतात, "आणि डब्यात घालून विकतोय तो कंपनीवाला!"

तरी धंदा चालू आहे, कारण डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा. सोसायटीतले एक साहेब परवा तो पेटलेला घेऊन आले, म्हणजे गाडीसकट. मेस्त्रींच्या पुतण्याने मोबाइलला यंत्र जोडून कोड काढला: मिश्रणात हवा जास्त. साहेब म्हणाले, "मग ऑक्सिजन सेन्सरच बदलून टाकू या."

"अरे मेल्या, साहेबांना सांग," मेस्त्री पुतण्यावर खेकसले, "ओरडणाऱ्याचा गळा बदलून चोर सापडतो काय? हवा कुठूनतरी खेचतेय. पाइप फुटलेला असेल." बोलले ते अगदी बरोबर. पण पाइप शोधायला वाकायला हवं, आणि मेस्त्रींची कंबर धरलेली. त्यांनी बॅटरीची वायर काढली, चहा मागवला, तो संपल्यावर वायर परत लावली. दिवा गायब! चहाचे पैसे साहेबांनीच दिले.

कॉम्प्युटर फक्त विसरला होता. फुटका पाइप जागच्या जागी होता. दुसऱ्या दिवशी दादर टीटीला सिग्नलवर दिवा पुन्हा लागला. साहेब तणतणत परत आले. पुतण्या तोंड लपवायला पेटीत पाना शोधू लागला.

मेस्त्रींनी डोळे मिटून इंजिन ऐकलं.

"साहेब," ते म्हणाले, "गाडीला माझा लळा लागला."