ओसरीवरचा अर्थसंकल्प

शेतकरी कुटुंबांना आर्थिक नियोजन शिकवायची टूम सध्या जोरात आहे. बँका शिकवतात, कृषी खातं शिकवतं, सीएसआरवाले चहा-समोशासकट शिकवतात. पहिला धडा ठरलेला: उत्पन्नाचे मार्ग एकाहून जास्त ठेवा. ऐकणाऱ्याच्या घरी असे पाच-सहा मार्ग आधीच असतात. सांगणाऱ्याच्या घरी एकच, एक तारखेचा पगार.

बीडकडच्या पाटोदा-शिरूर पट्ट्यातलं कुठलंही दोन-अडीच एकरांचं कोरडवाहू घर घ्या. सोयाबीनमध्ये तूर असतेच. एक गेलं तर दुसरं, शिवाय वर्षाची डाळ. दावणीला दोन शेळ्या. दवाखाना निघाला की बोकड बाजारात. थोरला चाकणला कंत्राटी, धाकटा पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरीवर पळतोय. म्हातारीला श्रावणबाळचा ‘पगार’.

सोयाबीनचंच बघा. 2024-25 चा हमीभाव होता 4892 रुपये, बाजार चार हजारांच्या आसपास. तज्ज्ञ म्हणाले, घाई करू नका. पण केंद्रावर आधी नोंदणी, मग मेसेजची वाट, मग ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की माल परत. ती अट 15 वर नेली नोव्हेंबरात, मतदान तोंडावर आल्यावर. कृषी सेवा केंद्रवाल्याची उधारी तोवर थांबते होय? घरानं निम्मा माल आडतीवर घालून उधारी मिटवली, निम्म्याची थप्पी लावली. याला कुणी नियोजन म्हणालं नाही.

दसऱ्याच्या आगेमागे ओसरीवर ऊसतोडीचा मुकादम येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. उचल आज, फेड उन्हाळ्यापर्यंत फडात. खाडा पडला की दंड. हा पैसा महाग पडतो हे घराला पक्कं ठाऊक असतं. पण बँकेत सातबारा, फेरफार, बेबाकी, जामीनदार आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’. मुकादम एका बैठकीत नोटा मोजतो. पाऊस दगा देईल तेव्हा हातात काय राहील, एवढंच घर बघतं. नफ्याचं गणित पोटभर असलेल्यांनी मांडावं.

इथवर कौतुक. आता या बैठकीचं इतिवृत्त वाचा. कोयता जोडीचा, उचल नवऱ्याच्या हातात, सातबारा त्याच्याच नावावर. चुलीपासून ‘पोरीची शाळा बुडंल’ असा आवाज येतो, तो नोंदवून घेत नाहीत. पोरीला गावात एकटी कुणाच्या जिवावर ठेवायची, म्हणून तिचं लग्नच उरकतात. तेवढाच एक कोयता वाढतो. पाळीमुळे खाडा नको, म्हणूनही कित्येकींनी पिशवी काढली. 2019 मध्ये सरकारी समितीनं बीडमधल्या 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतल्या 13 हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. जोखमीची वाटणी म्हणतात ती ही.

अलीकडे मात्र ओसरीवर एक नवीनच प्रश्न ऐकू येतो: ‘तुझे आले का गं?’ लाडक्या बहिणीचे पंधराशे तिच्या खात्यावर पडतात आणि अंगठा तिचाच लागतो. मतांसाठी वाटले म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत. घरच्या हिशेबातला निदान एक आकडा तरी आता तिला विचारल्याशिवाय हलत नाही. ई-केवायसी झालेली असेल, तर.