कूलरसमोरची खिडकी

आमच्या कंपनीत माझ्यासकट नऊ माणसं आहेत. नऊ माणसांच्या प्रकाराला कंपनी म्हणावं की भिशी, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. प्रतापनगरातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही इतवारीतल्या दुकानदारांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो. दुकानदार ते विकत घेतात आणि बिल हातानंच फाडतात. एकूण सगळं सुरळीत चाललं होतं.

मग दोन वर्षांत चौघं सोडून गेले. पहिले तिघं पुण्याला. त्याचं काही वाटलं नाही. नागपूरच्या पोरानं पुण्याला जाणं हा आमच्याकडे मुंजीसारखा संस्कारच आहे. चौथा मात्र गेला तो मागच्या गल्लीतल्या कंपनीत, तेही हजार रुपये कमी पगारावर. हे झोंबलं.

मी सल्लागार बोलावला. अर्थात पुण्याचा. विषय होता ‘कार्यसंस्कृती’ आणि महिना होता मे. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, हे त्यानं भूगोलात वाचलं असावं, अंगावर घेतलं नव्हतं. तो ब्लेझर घालून आला. अकराला ब्लेझर खुर्चीच्या पाठीवर गेला, बारा वाजता तो स्वतःच खुर्चीच्या पाठीवर गेला. तशाच अवस्थेत त्यानं विचारलं, “तुमच्या कंपनीची मूल्यं कोणती?”

सगळे पंख्याकडे पाहू लागले. शेवटी हिशेब सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या, “कूलरमधी पाणी कोण टाकते ते पाहा ना भाऊ. बाकीचं मंग पाहू.”

त्यानं फळ्यावर लिहिलं : सामायिक उत्तरदायित्व.

काकूंचं म्हणणं नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. खिडकीला लावलेल्या त्या लोखंडी पेटाऱ्यासमोर बसायला सगळ्यांनाच हवं असतं. त्यात पाणी टाकायला कुणालाच नको असतं. टाकी रिकामी झाली, की आधी खस वाळते, मग पंप घरघरतो. ती घरघर सुरू झाली, की आमच्याकडे कामाची जी तन्मयता दिसते ती एरवी कुठल्याही योजनेनं येत नाही. सगळ्यांच्या माना एकदम पडद्यात. माझा यात संबंध येत नसे. माझ्या केबिनमध्ये एसी होता.

सल्लागार चार पाट्या देऊन गेला. ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ ही पाटी वाचून काकू म्हणाल्या, “म्हणजे पाणी सुनेलेच टाका लागन.” दुसरी पाटी माझ्या केबिनच्या दारावर लागली : ‘माझं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे.’ तिच्या खालीच जुनी चिठ्ठी होती : ‘एसी चालू आहे. दार लावून घ्यावे.’ दोन्ही सूचना मीच लावल्या होत्या, आणि तीन महिने मला त्यात काही खटकलं नाही.

काकूंचे सासरे एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, त्यामुळे या विषयात त्या मला गणतच नाहीत. जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. चालवायला माणूस आणला तो रेल्वेतला, बेझनजी मेहता. या मंडळींनी १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. सरकारला भरपाईचा कायदा सुचायला १९२३ उजाडलं. आणखी एक गोष्ट त्यांनी केली : गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तुटतं. माणूसही तुटतो, पण त्याचा आवाज येत नाही. आता त्या जागी मॉल आहे.

“आणि भिंतीवर काय लिहिलं होतं?” मी विचारलं.

“भोंग्याचं सांगत होते सासरे. पाटीचं काही बोलले नाही कधी.”

पाऊस लागला, पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत नावाच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, वर्षभरात ज्याचा ज्याचा राग आला त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, गावभर मिरवायचा आणि वेशीबाहेर नेऊन जाळायचा. तक्रारपेटी उघडून त्यातली तक्रार वाजतगाजत नेणारं दुसरं गाव माझ्या पाहण्यात नाही. आमच्या पोरांनी टूम काढली, आपणही ऑफिसचा बडग्या करू. प्रत्येकानं निनावी चिठ्ठी लिहायची आणि त्याला चिकटवायची. मी ताबडतोब होकार दिला. सल्लागाराचे पैसे वाचत होते.

बडग्याला चौकड्यांचा शर्ट घातला होता. माझ्याकडे तसले सहा होते. घरी जाऊन मोजले तर पाच.

चिठ्ठ्या वाचल्या. ‘शनिवारी सहाला दोन मिनिटांचं काम सांगणारा.’ ‘सुट्टी मागितली की आजार कोणाला, कुठे आणि खरंच का, हे विचारणारा.’ ‘आमच्याच वर्गणीच्या केकवर कंपनीचं नाव घालणारा.’ नऊपैकी सात माझ्यावर होत्या. आठवी ‘उशिरा येणारे’ अशी होती. ती मीच लिहिली होती. नववीवर नुसतं होतं : ‘कूलरसमोरची खिडकी.’

“हे काय?” मी विचारलं.

काकूंनी चष्मा काढला. “भाऊ, कूलरची हवा आत येते, तशी तिले बाहेर निघाले पण जागा लागते. नाही तं मग नुसती चिकचिक. आमच्या कूलरच्या समोरची खिडकी कुठं आहे?”

मी मान वळवली. माझ्या केबिनमध्ये होती. तिच्या आणि कूलरच्या मध्ये ते सदैव उघडं असलेलं दार होतं.

“पाणी तं आम्ही रोज टाकतो, कुरकुर करत का होईना. हवाच तुंबते.”

मागच्या गल्लीत गेलेल्या पोराचं टेबल बरोबर त्या दाराशी होतं. त्यानं हे मला सांगितलं नसेल? सांगायला आला होता की. दोनदा दार वाजवलं होतं. मी आतून ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणालो होतो आणि मोबाइलवरचा सामना पुढे पाहिला होता.

बडग्या आम्ही गच्चीवर जाळला. शर्ट चांगल्या कापडाचा होता, बराच वेळ जळत राहिला.

यंदा एप्रिलमध्ये मी एसी बंद केला, खिडकी उघडली, दाराला वीट लावली. हवा खरोखरच वाहू लागली. तिच्यासोबत बाहेरचं बोलणं आत आलं आणि माझं बाहेर गेलं. घरून मला फोनवर काय काय ऐकावं लागतं हे आता आठही जणांना माहीत आहे. पगारवाढीच्या बोलणीत त्यामुळे माझं वजन कमी झालंय. ‘कुटुंब’वाली पाटी उलटी करून तिच्या कोऱ्या बाजूवर पाणी टाकायच्या पाळ्या लिहिल्या आहेत. सोमवार माझा.

पहिल्याच सोमवारी मी विसरलो. साडेअकराला पंप घरघरायला लागला. मी दारातून बाहेर पाहिलं. आठही माणसं एकदम कामात बुडाली होती.

मी थोडा वेळ वाट पाहिली. मग उठून बादली शोधू लागलो.

“जिन्याखाली आहे भाऊ,” काकू मान वर न करता म्हणाल्या. “काठोकाठ भरजा.”