घरंगळणाऱ्याला हिशेब विचारा

उतारावरून भरीव गोळा आणि कडे एकदमच सोडले. दोन्ही न घसरता घरंगळले. खाली आधी कोण? सीईटीवाली मुले लगेच सूत्रांचा तक्ता आठवतात. तक्त्यात उत्तर आहे.

कारण नाही.

कारण दोन ओळींचे. उंचीवरची स्थितिज ऊर्जा खाली येताना गतिज होते. काही पुढे जाण्यात, काही स्वतःभोवती फिरण्यात. कड्याचे सगळे वस्तुमान परिघावर, म्हणून निम्मी ऊर्जा फिरण्यातच जाते. भरीव गोळा फिरण्यावर फक्त २/७ घालवतो. मग पुढे कोण निघणार?

आणि वस्तुमान? समीकरणातून कटले. त्रिज्या? तीही कटली. गोटी आणि तोफगोळा बरोबरच पोहोचतात. तक्ता घोकणाऱ्याला याचे नवल वाटायला वेळच कुठे आहे?

‘घर्षण असूनही ऊर्जा कायम कशी?’ वर्गातला हा सर्वांत चांगला प्रश्न ‘आधी पोर्शन संपवू’ म्हणून गाडला जातो. वस्तू न घसरता घरंगळते, तेव्हा उताराला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. सरकणेच नाही, तर घर्षण काम कशावर करणार?

ऊर्जेच्या या हिशेबाला शॉर्टकट म्हणणाऱ्यांनी १६७३ साल आठवावे. गुरुत्वमध्य आपणहून मूळ उंचीच्या वर चढत नाही, एवढ्या तत्त्वावर ख्रिस्तिआन हायगेन्सने संयुक्त लंबकाचे कोडे सोडवले. न्यूटनचे ‘प्रिन्सिपिया’ यायला तेव्हा १४ वर्षे होती.

आणखी एक. तळाशी बिजागरी असलेली उभी काठी पडू द्या. तिचे टोक, तेवढ्याच उंचीवरून सोडलेल्या दगडाच्या साधारण १.२२ पट वेगाने जमिनीवर येते. बलांची आकृती काढत बसलात, तर पानभर कॅल्क्युलस. ऊर्जा मांडलीत, तर एक ओळ!

पण हा हिशेब डोळे मिटून लावायचा नाही. वस्तू घसरली, की ऊर्जा उष्णतेत जाते. टांगलेल्या काठीत बंदुकीची गोळी रुतली, तर धडकेपुरता कोनीय संवेगच धरावा लागतो. कुठला नियम कुठे थांबतो, हे कळणे म्हणजेच भौतिकशास्त्र येणे.

तेव्हा शिक्षकांनो, फळ्यावर सूत्राआधी प्रश्न लिहा: ऊर्जा आली कुठून, गेली कुठे?

घोकलेले सूत्र परीक्षेच्या हॉलमध्ये दगा देते. हा प्रश्न विचारायला शिकलेले मूल ते तिथेच नव्याने मांडते.