बरहुकूम पडझड

वैशाख सरत आला की मुंबई महानगरपालिका अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते, आणि पंचांगातील वर्षफल वाचावे तितक्याच निश्चिंतपणे नागरिक ती वाचून बाजूस ठेवतात. वस्तुतः १८८८ च्या अधिनियमाचे ३५४ वे कलम, मोडकळीस आलेली वास्तू पाडण्याचे वा सुरक्षित करण्याचे फर्मान मालकावर अगर भोगवटादारावर बजावण्याचा निःसंदिग्ध अधिकार आयुक्तांना देते. परंतु अधिकार आणि अंमल यांच्या दरम्यान दफ्तर नावाचा जो विस्तीर्ण मुलूख पसरला आहे, त्यात टेकूपेक्षा नोटीसच अधिक भार पेलते. टेकूला लाकूड लागते, मजूर लागतात. नोटिशीला खळ पुरते, आणि ती एकदा भिंतीस डकवली म्हणजे इमारत पुढे कोसळली तरी पूर्वसूचनेवाचून कोसळली, असा ठपका कोणावर येत नाही.

वर्गवारीही मोठ्या विचारपूर्वक केलेली आहे. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-२ ब म्हणजे माणसे आत ठेवूनच दुरुस्त करण्याजोगी. गुरुत्वाकर्षणास ही वर्गवारी रीतसर कळविली गेली नसावी, एवढीच काय ती त्रुटी. शिवाय मालकाने नेमलेल्या अभियंत्यास जी इमारत हटकून सी-१ दिसते, तीच भाडेकरूंच्या अभियंत्यास थोड्याशा गिलाव्याने शतायुषी होण्याजोगी वाटते (शास्त्र दोघांचे एकच, फी देणारा तेवढा निराळा), आणि हा शास्त्रार्थ तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाईतो श्रावण उजाडतो.

ठाण्याच्या हद्दीत शिळफाट्यावर तर परवानगीवाचूनच मजल्यावर मजला चढत होता. ज्या इमारतीची फाइलच नाही, ती दृष्टीस पडणे कोणाही तपासनिसाच्या अखत्यारीबाहेरचे. ४ एप्रिल २०१३ रोजी काम चालू असतानाच ती कोसळून ७४ माणसे दगावली, तेव्हा ती दिसली.

मालक-भाडेकरूंचा झगडा, न्यायालयाची स्थगिती, बिल्डरांची दांडगाई ही कारणे ऐकून ज्यांचे समाधान होते, त्यांना डॉकयार्ड रोडच्या बाबू गेनू मंडईची इमारत मात्र अडचणीत टाकते. तिची मालक पालिका, तपासणारी पालिका, नोटीस बजावायची तर बजावणारी आणि पोच देणारीही पालिकाच, आणि आत बिऱ्हाडे होती तीही पालिकेच्याच सेवकांची. २७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळी ती पडली. ६१ माणसे मेली.