खांबावर कोण चढणार?

गच्चीवर लावायच्या वायफायच्या डब्याचं कोटेशन कधी वाचलंय? जरूर वाचा. आपल्याला पावसाची धास्ती किती आहे ते कळेल. डबा आयपी६७ दर्जाचा हवा, म्हणजे आत धूळ शिरता कामा नये आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी तो जिवंत राहायला हवा. टांगायचा कुठे? सातव्या मजल्यावरच्या पाण्याच्या टाकीला. तिथं मीटरभर पाणी चढेल त्या दिवशी वायफायची रेंज विचारायला सोसायटीत कोण उरलेलं असेल, हे कमिटीत कुणी विचारत नाही. उन्हानं प्लास्टिक तडकेल का, वीज पडली तर सर्ज अरेस्टर आहे का, कबुतरं बसतील का, सगळं विचारून होतं. राहतं ते एवढंच : या डब्याच्या फर्मवेअरचे, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट कंपनी किती वर्षं देणार?

कारण तो डबा दिसतो तेवढा डबा नाही. आत प्रोसेसर आहे, बहुतेक वेळा लिनक्स आहे, स्वतःचं वेब पान आहे, लॉगिन आहे. कॉम्प्युटरच तो, फक्त शिक्षा झाल्यासारखा उन्हातान्हात उभा केलेला. खिशातला फोन अपडेटसाठी आपल्याला दिवसातून चारदा छळतो. खांबावरचा डबा बिचारा मुका. बसवला त्या दिवशी जी आवृत्ती होती, तीच अंगावर घेऊन तो वर्षानुवर्षं दिवा मिचकावत राहतो. खाली सेक्रेटरी म्हणतात, ‘चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?’ देशाचं देखभाल धोरण असं सहा शब्दांत कुणी मांडलेलं नाही.

चालतंय, पण कुणासाठी, हे मे २०१६मध्ये कळलं. युबिक्विटी या अमेरिकी कंपनीचे छपरांवर आणि टॉवरवर लावायचे रेडिओ जगभरचे छोटे इंटरनेटवाले वापरतात. त्यांच्या एअरओएस या फर्मवेअरमध्ये एक भोक होतं : पासवर्ड न देताही बाहेरून उपकरणात फाइल चढवता येत होती. कंपनीनं ते जुलै २०१५मध्येच बुजवलं आणि नवी आवृत्ती मोफत ठेवली. दहा महिने ती तशीच पडून राहिली. मग एक वर्म आला. तो भोकातून आत शिरायचा, स्वतःचं खातं उघडायचा, शेजारचे रेडिओ शोधायचा आणि तिकडेही पसरायचा. काहींना तर शेवटी फॅक्टरी रीसेट करून कोरं करून टाकायचा, म्हणजे आणा शिडी. अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, अमेरिका, सगळीकडे छपरं चढून झाली. त्या वर्मनं घेतलेलं युजरनेम आणि पासवर्ड सलग वाचले की इंग्रजीतली आईवरची शिवी होते. या सदरात ती छापता येत नाही, पण शिडीवरच्या प्रत्येकानं ती आपापल्या भाषेत उच्चारली असणार.

आता थोडी सेक्रेटरींची बाजू. अपडेटची भीती खोटी नाही. नवी फाइल चढत असताना, ‘वीजपुरवठा खंडित करू नका’ असं पडद्यावर येतं. ही सूचना लिहिणारा माणूस आपल्याकडे राहत नाही. मधेच लाइट गेली तर डब्याची वीट होते. बऱ्या डब्यांत फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवायची सोय असते, नवी नाही उठली तर जुनी उठते. स्वस्तातल्यात एकच. मग रीसेटचं बटण दाबून धरायचं, त्याच वेळी वीज द्यायची आणि केबल लावून टीएफटीपीनं फाइल आत ढकलायची. बटण डब्याच्या पोटाशी, डबा खांबाच्या टोकाशी. काही शहाण्या कंपन्यांनी हे बटण खालच्या, वीज पुरवणाऱ्या पीओई अडॅप्टरवर दिलं आहे. अशा इंजिनिअरला पद्मश्री द्यायला हरकत नाही.

दोन इमारतींमधला दुवा असेल तर आणखी मजा. अनुभवी माणूस आधी लांबचा रेडिओ अपडेट करतो, मग जवळचा. नवशिका उलटं करतो. जवळचा नवी भाषा बोलायला लागतो, लांबच्याला ती कळत नाही, दुवा तुटतो आणि लांबच्यापर्यंत पोचायचा रस्ता तोच असतो. बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

आणि कंपन्या तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या? ऑगस्ट २०१७मध्ये लॉकस्टेट या अमेरिकी कंपनीनं आपल्या वायफायवाल्या कुलपांना घरबसल्या अपडेट पाठवला. चुकून दुसऱ्याच मॉडेलचा. सुमारे ५०० कुलपं बेशुद्ध. त्यातली बरीच भाड्यानं द्यायच्या घरांच्या दारांना होती. पाहुणा बाहेर, कोड हातात, कुलूप वीट.

म्हणून काय करायचं, बसून राहायचं? बसून राहिलं तर दुसरं कुणीतरी करून जातं. २०१८ची गोष्ट. मिक्रोटिक या लाटव्हियन कंपनीचे राउटर छोट्या इंटरनेटवाल्यांच्या गळ्यातला ताईत. त्यातलं भोक कंपनीनं एप्रिलमध्ये तातडीनं बुजवलं. लोकांनी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं, आणि थोड्याच महिन्यांत हजारो राउटर आपल्या ग्राहकांच्या ब्राउझरना परक्या माणसासाठी क्रिप्टोनाणी खणायला लावू लागले. तेव्हा एक रशियन भाषक गृहस्थ पुढे आला. त्याच भोकातून तो लोकांच्या राउटरमध्ये शिरायचा, बाहेरून येणारी वाट फायरवॉलनं बंद करायचा आणि आत चिठ्ठी ठेवून जायचा : असं असं केलंय, शंका असेल तर या टेलिग्रामवर विचारा. एक लाखावर राउटर असे नीट केल्याचा त्याचा दावा होता. त्याच्याशी संपर्क केला जेमतेम ५० जणांनी. थोड्यांनी आभार मानले, बाकीचे भडकले. आमच्या राउटरला हात लावलासच कसा! दहा जण शिरून गेले होते तेव्हा हे मालक झोपलेले होते. झाडू मारणारा आला तेव्हा घराची मालकी आठवली.

जानेवारी २०२४मध्ये तर अमेरिकी सरकारनंच कोर्टाची परवानगी घेऊन नागरिकांच्या राउटरमधली रशियन घाण उपसली. कारण? कंपनीनं दिलेला पहिला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता.

आपल्याकडे पासवर्ड बदललेला असतो. तो फक्त कुणाला माहीत नसतो. डबे बसवणाऱ्या मुलानं नोकरी बदलली, त्याच्याबरोबर सगळे डबे एकत्र सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं लॉगिनही गेलं. नाहीतर त्या कंट्रोलरवर ‘रविवारी पहाटे तीनला आपोआप अपडेट’ एवढी खूण करायला दोन मिनिटं लागतात. पण व्हेंडरची एएमसी म्हणजे काय, तर वर्षातून दोनदा डबा फडक्यानं पुसणं आणि तपासणीच्या कागदावर सही. त्या कागदावर ‘फर्मवेअर आवृत्ती’ असा रकानाच नसतो.

सरकारी डब्यांचीही मोजणी ‘किती लावले’ अशीच होते. जानेवारी २०१७मध्ये मुंबईत ५०० हॉटस्पॉट सुरू झाल्याचं राज्य सरकारनं जाहीर केलं, १ मेपर्यंत १,२०० करायचे होते. त्यातले किती नव्या आवृत्तीवर आले, अशी बातमी माझ्या तरी वाचनात नाही. येणार कशी? अपडेटला फीत नसते, कोनशिला नसते, झाल्यावर दिसत काहीच नाही.

तर सोहळाच करा. मांडव घाला, खांबाला हार घाला, शिडीला कुंकू लावा. मुहूर्त पहाटे तीनचा. प्रमुख पाहुण्यांनी लॅपटॉपवर बटण दाबायचं आणि पट्टी शंभर टक्के होईपर्यंत बोलत राहायचं. भाषण लांबलं म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच कुणी कुरकुरणार नाही. फक्त वीज कंपनीच्या साहेबांना पहिल्या रांगेत बसवा, आणि अपडेट पुरा होईपर्यंत उठू देऊ नका.