नाना आता पाण्यात उतरणार म्हणे!

ऐकलंत का? आमच्या शेजारच्या नानांना कयाक घ्यायची आहे. पासष्टी उलटली की जबलपुरातली मराठी माणसं नर्मदा परिक्रमेचा विचार करतात, नाहीतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा. नानांना नर्मदेत होडी घालून गळ टाकायचा आहे. बातमी दिली काकूंनी, मेंदीच्या कुंपणावरून, हातात कढीपत्त्याची डहाळी घेऊन. डहाळी माझ्यासाठी तोडली होती, पण बोलणं संपेपर्यंत ती त्यांच्याच हातात राहिली आणि अर्धी पानं खाली.

"अगं, होडी म्हणजे एकाच माणसाची. बुडाला तरी एकच, असं हेच म्हणतात वर."

घर सीकेप्यांचं, तेव्हा मासे खाण्यावरून तिथे कधी वाद नाही. वाद वेगळाच आहे. काकू दर पौर्णिमेला ग्वारीघाटावर जाऊन कणकेच्या गोळ्या माशांना घालतात. "मी ज्यांना खाऊ घालते त्यांना हे गळाला लावणार?" हा त्यांचा सवाल, आणि याला नानांकडे उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला: घाटांच्या आसपास गळ टाकायचा नाही, जायचं तर वर बरगीच्या धरणावर. मला विचाराल तर कयाक निवडण्यातला मोठा निर्णय तिथेच होऊन गेला, तोही काकूंनी केला. कारण आधी पाणी ठरतं, मग होडी. नाना मात्र महिनाभर उलटं करत होते. रोज एक नवी होडी पसंत करायची आणि मग तिच्यासाठी पाणी शोधायचं.

नाना गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. 1904 सालापासून तोफांचे गाडे बनवणारा तो कारखाना; तिथे उभा जन्म काढलेला माणूस पोळपाट घेतानाही लाकडाची जात विचारतो. त्यांनी काकूंना पहिला फोटो दाखवला तो शर्यतीच्या कयाकचा. तिची लांबी 5.20 मीटरपर्यंत असते, वजन फक्त 12 किलो, आणि रुंदी म्हणाल तर नाना त्यात एका मांडीने बसले असते. भोपाळमध्ये तलावावर राज्याची वॉटर स्पोर्ट्स अकादमी आहे, तिथली मुलं असल्या होड्या चालवतात. तिथे तयार झालेल्या ग्वाल्हेरच्या प्राची यादवने 2023 साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक आणलं, तेही कयाकमध्येच. आणि नर्मदेतच पाहायचं असेल तर महेश्वर आहे. आपल्या अहिल्याबाईंच्या घाटांपासून थोडं खाली सहस्रधारेच्या खळखळाटात खेलो इंडियाची कॅनो स्लॅलम स्पर्धा झाली होती. ती होडी साडेतीन मीटरची, गर्रकन वळणारी. या दोन्ही जाती तरण्या पोरांच्या. हातात गळाची काठी घेऊन असल्या होडीत बसायचं म्हणजे मासा आपल्याला धरणार.

मग पुण्याहून भाचा आला. तो म्हणाला, "मामा, दोन प्रकार लक्षात ठेवा. एकीत माणूस कमरेपर्यंत आत बसतो, दुसरीत वर. तुम्हाला वरची." सिट-ऑन-टॉप म्हणतात तिला. नानांना हे कमीपणाचं वाटलं. आत बसायची तीच खरी कयाक, असा त्यांचा समज. खरी आहेच म्हणा. ग्रीनलंड आणि अलास्काकडचे लोक सीलच्या कातड्याने ती शिवायचे आणि सीलचीच शिकार करायचे. तिथलं पाणी बर्फाचं, अंगाला लागलं तर माणूस गारठून मरेल, म्हणून त्यांनी स्वतःला होडीतच बांधून घेतलं. आपल्याकडे मे महिन्यात जबलपूर भट्टीसारखं तापतं. इथे पाणी अंगाला लागलं तर बरंच की! वर बसायच्या होडीचं अंग सगळीकडून बंद, आत हवा, आणि बैठकीला आरपार भोकं. वर आलेलं पाणी आपोआप खाली जातं. उलटली तरी भरत नाही. सरळ करायची आणि पुन्हा वर चढायचं. आत बसायची होडी उलटली की पाण्याने भरते, मग ती उपसत बसा भर धरणात.

"पुन्हा वर चढायचं" हे भाचा ज्या सहजतेने बोलला ते काकूंनी नेमकं पकडलं. "यांना आधी पलंगावर चढताना बघ," म्हणाल्या. पण हाच मुद्दा आहे हो. होडी घेण्याआधी कमरेच्या वर पाण्यात उभं राहून, मुद्दाम पडून, कोणाचा हात न धरता तिच्यावर पोटाने चढून बघायचं. जमलं तर ती आपली. दुकानात सतरंजीवर ठेवलेल्या होडीत बसून मान डोलावण्याला काही अर्थ नाही.

रुंदीवरून मामा-भाच्यांत दोन दिवस खटके उडाले. मासे धरायच्या कयाक साधारण दहा ते बारा फुटांच्या आणि बत्तीस ते छत्तीस इंच रुंद असतात. रुंद घेतली तर डुलत नाही, उभं राहूनही गळ टाकता येतो, पण ती चालते हळू. लांब आणि निमुळती घेतली तर सरळ आणि झपझप जाते, मात्र वळायला नखरे करते आणि जरा कुशीवर झुकलात की काळजात धस्स. नानांचा ओढा बारा फुटीकडे. बरगीचा पसारा बघता तो चूकही नव्हता. मंडल्याकडे पसरत गेलेलं ते पाणी सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर लांब सांगतात. दुपारनंतर वारा सुटला की वर लाटा उठतात आणि आखूड, रुंद, उंच खुर्चीची कयाक पाचोळ्यागत वाऱ्याबरोबर भरकटते. पण नाना धरणाच्या मध्यावर जाणार नाहीत. (काकूंसमोर तसं कबूल केलंय.) काठाच्या खाचाखोचांत, बुडालेल्या झाडांच्या खुंटांजवळ बसणार. तिथे दहा फुटी रुंदच बरी.

आता पायाने चालवायची कयाक! यावर नानांचा खरा जीव. सायकलगत पायडल मारा, हात मोकळे, दोन्ही हातांनी मासा ओढा. अमेरिकेतल्या होबी कंपनीने 1997 साली असलं यंत्र पहिल्यांदा बाजारात आणलं, आता बऱ्याच जणांचं मिळतं. नाना त्याचा नकाशा कागदावर काढून गिअरचं प्रमाण सांगत होते, मी नुसती हो हो करत होते. पण होडीच्या पोटाखाली लोंबणारं ते यंत्र हवं कशाला? उन्हाळ्यात धरण उतरतं, खुंट आणि खडक वर येतात, पाणी गुडघाभर असतं आणि त्यात शेवाळ. एक पातं मोडलं तर ते जबलपुरात कोण देणार? शिवाय किंमत लाखांच्या घरात आणि वजन दहा-बारा किलोने जास्त. साधं वल्हं मोडलं तर दुसरं वल्हं येतं. हे मी म्हटलं तेव्हा नाना माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या कारखान्याबद्दल काही बोलले.

वजनाचं तर कोणी बोलतच नाही. मासेमारीची प्लास्टिकची कयाक तीस ते चाळीस किलो भरते. गाडीच्या टपावर ती चढवणार कोण? नाना पासष्टीचे, काकूंचे गुडघे. धरण उतरल्यावर काठावर जो चिखलाचा पट्टा उघडा पडतो त्यातून ओढत कोण नेणार? भाचा काय, सुट्टी संपली की पुण्याला. त्यावर हवा भरायच्या कयाकचा विषय निघाला. डिकीत मावते, घरात माळ्यावर मावते, फ्लॅटवाल्यांना बरी. पण बरगीच्या काठाला बाभळी आणि बोरी, वर नानांच्या पिशवीत गळ. नाना गळाला आमिष लावताना स्वतःच्या बोटाला लावतात, तिथे रबराचा काय निभाव! तेव्हा प्लास्टिकचीच, पण खाली लावायची दोन चाकांची गाडी सोबत घ्यायची. आणि उंच पाठीची, चौकटीवर ताणलेली खुर्ची. चार तास जमिनीलगत पाय पसरून बसायचं वय गेलं, हे नानांनी स्वतः म्हटलं, तेव्हा काकूंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

वजन पेलण्याचा आकडा होडीवर छापलेला असतो, तोही जपून वाचायचा. दीडशे किलो लिहिलं असेल तर शंभराच्या आसपास थांबलेलं बरं. नाना एकटेच पंच्याऐंशी. वर डबा, थर्मास, बर्फाची पेटी, गळाच्या दोन काठ्या. आणि मासा? त्याचंही वजन असतं ना, असं काकू बोलल्या. त्यांना बहुधा पहिल्यांदाच या प्रकरणात रस वाटला.

समोरचे वकीलसाहेब संध्याकाळी फाटकाशी आले. हायकोर्टात असतात, बोलणं हिंदीत. "काय बड्डे, लायसन्स का क्या?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि बरोबर होता. मध्य प्रदेशात 1972 सालच्या नियमांप्रमाणे 16 जून ते 15 ऑगस्ट नदीत मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. बरगीतली मासेमारी मत्स्य महासंघाकडे, तिथे धरणात गावं बुडालेल्या लोकांचं पोट या माशांवर चालतं. हौसेचा गळ टाकायचा तर आधी विचारून, परवाना घेऊनच. आणि बाडस, म्हणजे आपली महाशीर, गळाला लागली तर हळूच सोडून द्यायची. 2011 पासून तो राज्याचा मासा आहे. धरणांनी नर्मदेचं वाहतं पाणी अडवलं, तेव्हापासून तो दिसेनासा होत चाललाय. खडकाळ वाहत्या पाण्यातला जीव तो, साचलेल्या पाण्यात त्याचं मन रमत नाही. रोहू, कतला, पढिन मिळतील, त्यात समाधान मानावं.

वकीलसाहेबांनी जाता जाता परियटचं नाव काढलं. ते पाणी घरापासून जवळ, म्हणून नानांचा डोळा होता. पण परियट नदीत मगरी आहेत हो, चांगल्या अंगापिंडाच्या, गावात शिरतात म्हणून पेपरात फोटो येतात. पाण्यापासून वीतभर उंचीवर बसून तिथे मासा खेळवायचा? नाव रद्द. भेडाघाटही रद्द, तिथे संगमरवरी कड्यांवर आग्यामोहोळं लटकलेली असतात. इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या मोजणीवर आलेल्या एका साहेबावर तिथे माश्या उठल्या, तो पाण्यात उडी मारून वाचायला गेला आणि बुडाला. फॉर्सिथ नावाच्या साहेबाने मध्य भारताच्या डोंगरांवर लिहिलेल्या पुस्तकात हे आहे. आणि तिलवारा, ग्वारीघाट हा धरणाखालचा पट्टा तर काकूंनी आधीच काढून टाकलेला. ते फार बरं झालं. वर धरणाला 21 दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की घाटांच्या पायऱ्या बघता बघता पाण्याखाली जातात, मग कयाकचं काय घेऊन बसलात.

रंगावरून शेवटचं भांडण झालं. नानांना हिरवी-करडी हवी, शिकाऱ्यासारखी. बरगीत मोठ्या बोटीही फिरतात, त्यांना पाण्यावर चपटा बसलेला करडा माणूस दिसायचा कसा? नारिंगी किंवा पिवळी. यावर काकू, भाचा, वकीलसाहेब आणि मी, चौघांचं एकमत. माशाला खालून होडीचा रंग फारसा कळत नाही, त्याला सावली आणि धक्का कळतो. लाईफ जॅकेट मात्र होडीच्या आधी विकत घ्यायचं आणि नानांनी ते घालून अंगणात दोन तास बसून दाखवायचं, ही काकूंची अट. काखेत रुततं म्हणून काढून ठेवलेलं जॅकेट कोणाला वाचवत नाही. वल्ह्याला दोरी बांधायची. नांगर टाकायचा तर पुढच्या किंवा मागच्या टोकाला. बगलेला बांधला आणि पाण्याला ओढ असली तर होडी तिथल्या तिथे कलंडते.

तर ठरलं असं: दहा फुटी, रुंद, वर बसायची, वल्ह्याची, नारिंगी, उंच खुर्चीची, चाकांच्या गाडीसह. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात. राहिली एकच अडचण. ही असली प्लास्टिकची होडी जबलपूरच्या उन्हात उघड्यावर ठेवली तर काही वर्षांत ठिसूळ होते, आणि नानांच्या गॅरेजमध्ये जुनी स्कूटर, दोन कूलर आणि काकूंच्या लोणच्याच्या बरण्या आहेत. यातलं काही हलणार नाही असं कळवण्यात आलं आहे. तेव्हा सिव्हिल लाइन्समध्ये किंवा पचपेढीकडे कोणाकडे सावलीतली, साडेतीन मीटर लांब रिकामी भिंत असेल तर काकूंना नका सांगू, मला सांगा.