सहा ड्युट्यांची कारकीर्द

गणेशोत्सवात "मंडपासमोर पांढरी गाडी उभी आहे, ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब हलवावी" एवढं वाक्य एखाद्या मुलानं न अडखळता माइकवर म्हटलं, की त्याचं आयुष्य मंडळाचे कार्यकर्ते तिथल्या तिथे मार्गी लावतात. "आवाज बघ कसा लागतोय! रेडिओवर जा तू." गाडी हललेली नसते, पण मुलगा हललेला असतो. पुढे कधीतरी आकाशवाणीच्या जिल्हा केंद्राला नैमित्तिक निवेदक हवेत अशी जाहिरात निघते आणि तो खर्ज लावून अर्ज भरायला बसतो. अर्ज कागदावर भरायचा असतो, तरीही खर्ज त्याला सोडवत नाही.

पहिला धक्का लेखी परीक्षेत बसतो. आवाजाचं काहीच नाही, आणि जिल्ह्यातली धरणं, पिकं, लेखक यांच्याबद्दल विचारणा! यातून तरलेल्यांची ध्वनिचाचणी होते. एकामागे एक दोन जाड दारं, आत गारठा, समोर काच आणि काचेपलीकडे चेहऱ्यावर काहीही न दाखवणारे तिघं. हातात दिलेल्या कागदात जळगाव आणि जेजुरी एकाच वाक्यात आलेले असतात. दोन्हींतला 'ज' निराळा आहे हे उमेदवाराला जन्मापासून माहीत असतं, फक्त त्या क्षणी आठवत नाही. 'पंतप्रधान' म्हणताना माइकवर फुंकरीचे दोन फटके बसतात, आणि शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेली एखादी मुलगी 'फळ' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवते. काचेपलीकडचं पेन तेवढ्यापुरतं हलतं.

नापास झालेल्यांना अमिताभ बच्चन यांची कथा तोंडपाठ असते. तेही आकाशवाणीतून परत आले होते म्हणे. या कथेनं आजवर हजारोंचं सांत्वन केलं असेल, नेमणूक मात्र एकाचीही झालेली नाही. त्यापेक्षा अमीन सयानींचं उदाहरण अधिक कामाचं. उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे म्हणून त्यांनाही उमेदीत हिंदीच्या चाचणीतून परत पाठवलं होतं. पुढे 1952 च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली तेव्हा मजकूर लिहायचा, बोलायचं, वर श्रोत्यांची पत्रंही चाळायची, आणि या सगळ्याचे आठवड्याला 25 रुपये. एवढ्यात हे करायला जाणता माणूस तयार होईना, म्हणून ते काम तरुण अमीनच्या गळ्यात पडलं. ज्या आवाजाची नक्कल करत आजही निम्मे उमेदवार चाचणीला येतात, तो असा कुणाला नको असलेल्या कामातून आत शिरला होता.

निवड झालीच, तर दुसरा धक्का. नैमित्तिक निवेदकाला महिन्यात फार तर सहा ड्युट्या मिळतात. घरी पेढे वाटून झाल्यावर हे उघडकीला येतं. "आणि बाकीचे चोवीस दिवस?" असा प्रश्न शेजारचे काका विचारतात, आणि फेब्रुवारीतही हिशेब न बदलता विचारतात. बाकीच्या दिवसांत शिकवणी, विम्याची पॉलिसी, लग्नांचं सूत्रसंचालन आणि उद्घाटनांत "मी मान्यवरांना विनंती करतो" हे चालू राहतं.

पहाटेच्या ड्युटीला कुत्र्यांचा पहारा चुकवत केंद्रावर पोचायचं. मग आकाशवाणीची ती संकेतधून. ऐकणाऱ्याला वाटतं, ही कुणा ऋषीनंच बांधली असावी. प्रत्यक्षात ती वॉल्टर कॉफमन या मध्य युरोपातून हिटलरच्या भीतीनं मुंबईला आलेल्या ज्यू संगीतकाराच्या नावावर आहे, आणि व्हायोलिन वाजवणारे म्हणून मेहली मेहतांचं, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांचं, नाव सांगतात. धून संपली की नव्या निवेदकाला कळतं, की आपल्याला बोलायला ठेवलेलंच नाही. आवाज वाढवणारा-घटवणारा फेडर वर-खाली करायचा, कार्यक्रमांचा क्रम सांगणाऱ्या क्यू शीटवर डोळा ठेवायचा, लॉगबुकात वेळा लिहायच्या, घड्याळाचा सेकंदकाटा पाहायचा. बोलणं मधल्या फटींतून. फेडर वर करायचा राहिला आणि पाच-दहा सेकंद शांतता गेली, तर ड्युटी ऑफिसर आधी येतो आणि आवाज मागाहून.

नातेवाइकांना यातलं काही सांगून उपयोग नसतो. मावशीला 'आपली आवड' या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमात स्वतःचं नाव हवं असतं. आजोबा विचारतात, "बातम्या तूच बनवतोस का रे?"

खरं तर आकाशवाणीनं एके काळी आवाजाच्या आधी डोकी गोळा केली होती. कवी मर्ढेकर तिथे अधिकारी होते. पु. ल. देशपांडे होते, आणि 1959 मध्ये दिल्लीत दूरदर्शन आलं तेव्हा पंडित नेहरूंची पडद्यावरची पहिली मुलाखत त्यांनीच घेतली. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत होते. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालेत बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी ऐकताना लोकांना ते आपल्याच चाळीत राहतात असं वाटे. यांच्यापैकी कुणाला 'भारी आवाज' एवढ्या भांडवलावर घेतलं नव्हतं.

दूरदर्शनची तऱ्हा वेगळी, कारण तिथे चेहरा. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि बातम्या वाचणाऱ्यांत स्मिता पाटील होत्या. घालायची जीन्स, आणि बातम्यांआधी वरून साडी नेसायची ही त्यांची पद्धत प्रसिद्धच आहे. कॅमेरा कमरेच्या खाली जात नाही, हे शास्त्र इतक्या लवकर कुणी आत्मसात केलं नसेल.

आज जिल्ह्याच्या गावी दूरचित्रवाणीत शिरायचं म्हणजे स्ट्रिंगर व्हायचं. मोटारसायकल स्वतःची, कॅमेरा किंवा मोबाइल स्वतःचा, पेट्रोलही स्वतःचं. वाहिनीचा फक्त बूम, म्हणजे तिचं नाव लावलेला माइक. पैसे पाठवलेल्या बातमीचे नाहीत, लागलेल्या बातमीचे. म्हणून अनेक जण तीन-चार वाहिन्यांचे बूम एकाच पिशवीत बाळगतात आणि पुढाऱ्यासमोर ते एकाच मुठीत धरतात. पुढाऱ्याला मोठी पत्रकार परिषद झाल्याचं समाधान, स्ट्रिंगरला चार बाइट. दिवाळीत हाच माणूस शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करताना दिसतो, तेव्हा त्याला 'माध्यम प्रतिनिधी' म्हणायचं की 'वसुलीवाला', हे देणाऱ्याच्या मनःस्थितीवर ठरतं.

या सगळ्यात सरळ रस्ता बहुधा सामुदायिक रेडिओचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला, माणसारख्या दुष्काळी तालुक्यात, 'माणदेशी तरंग वाहिनी' 2008 पासून 90.4 वर ऐकू येते. अशा केंद्राला सर्वसाधारणपणे 100 वॉटची मुभा असते, म्हणजे ओसरीवरच्या जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. आवाज दहाएक किलोमीटर जातो. पण तेवढ्या टापूत निवेदिकेची चूक दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात भाजी घेताना तिला तोंडावर सांगितली जाते, आणि इतका जलद श्रोता-अभिप्राय कुठल्याही मोठ्या वाहिनीला परवडणार नाही.

तेव्हा चाचणीला निघालेल्यांनी गरम पाण्याच्या गुळण्या जरूर कराव्यात, पण आदल्या रात्री जिल्ह्याचा नकाशाही उघडून बसावं. धरणांची नावं विचारतात.